काचेच्या पट्टीवरचे आकडे

पुण्याच्या मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी जो जुना बाजार भरतो आणि जेथे पितळी नळांपासून गंजलेल्या कुलुपांपर्यंत मनुष्याने एकदा वापरून टाकलेली बहुतेक प्रत्येक वस्तू गोणपाटावर मांडलेली आढळते, तेथे गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस मी माझ्या भाच्यासाठी एक जुना ट्यूनर शोधीत होतो. ट्यूनर म्हणजे पोटात सर्व विद्या असून कंठ नसलेला रेडिओ होय. आकाशातील अनेक लहरींतून हवी ती लहर निवडावी, तिच्यातील ध्वनी सोडवून घ्यावा आणि तो शुद्ध स्वरूपात शेजारच्या अँप्लिफायरच्या स्वाधीन करावा, एवढेच त्याचे काम. त्याला स्वतःचा स्पीकर नसतो, आणि म्हणून बाजारातील गिऱ्हाइकांना तो बहुधा बिघडलेला रेडिओ वाटतो. मला मिळालेल्या ट्यूनरचा दर्शनी भाग रुपेरी धातूचा होता, बाजूंना सागवानी रंगाच्या फळ्या होत्या आणि बोटाने ढकलताच पुढे सरकत राहणारी जड, गुळगुळीत चकती होती. मी खिशातील रुमालाने काचेची पट्टी पुसली. धुळीखालून आकडे वर आले : डाव्या टोकाला ७६ आणि उजव्या टोकाला ९०. मी तो खाली ठेवला.

"काका, चालू आहे हो, लाइट लागते," विक्रेता म्हणाला, आणि त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते. यंत्रात काहीही दोष नव्हता. परंतु ७६ ते ९० मेगाहर्ट्झ हा पट्टा जपानने आपल्या देशातील एफ. एम. केंद्रांसाठी राखला होता. आपल्याकडील केंद्रे ज्या ८८ ते १०८ च्या पट्ट्यात आहेत त्यांतील जवळजवळ सगळी ९१ च्या पुढे बोलतात, आणि त्या सुंदर यंत्राचा काटा तेथपर्यंत पोचूच शकत नव्हता. जमीन घेताना ज्याप्रमाणे शहाणा मनुष्य पीकपाणी पाहण्यापूर्वी सातबाऱ्याचा उतारा पाहतो, त्याप्रमाणे जुना ट्यूनर घेणाऱ्याने लाकूड, धातू आणि नाममुद्रा यांच्याकडे वळण्यापूर्वी ही काचेची पट्टी वाचली पाहिजे. तिच्यावरील आकड्यांत त्या यंत्राचा जन्म, त्याचे गाव आणि क्वचित त्याच्यावर झालेला अन्यायही नोंदलेला असतो. हे शेवटचे विधान अतिशयोक्तीचे वाटू नये म्हणून त्या आकड्यांचा इतिहास थोडा विस्ताराने सांगणे प्राप्त आहे.

ज्याने हा सर्व व्यवहार निर्माण केला तो एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग हा १८९० साली न्यूयॉर्कमध्ये जन्मला. कोलंबिया विद्यापीठात विद्यार्थी असतानाच, १९१२ साली, त्याने क्षीण लहरींना शतपट बळ देणारी पुनर्भरणाची योजना सिद्ध केली. १९१८ साली, महायुद्धाच्या निमित्ताने पॅरिसमध्ये सैन्याच्या संदेशवहन खात्यात असताना, त्याने सुपरहेटरोडाइन ही रचना शोधून काढली, जिच्यावाचून पुढील काळात जवळजवळ कोणताही रेडिओ बनला नाही. एवढ्या कर्तृत्वावर दुसरा मनुष्य आयुष्यभर स्वस्थ बसला असता. आर्मस्ट्राँगला मात्र एकच शल्य बोचत होते, आणि ते म्हणजे रेडिओची खरखर.

त्या काळातील नभोवाणी लहरीचा आयाम, म्हणजे तिची उंची, ध्वनीच्या चढउताराप्रमाणे कमीअधिक करून संदेश पाठवीत असे. पण आकाशातील वीज, ट्रामचा विद्युत्प्रवाह आणि शेजारच्या घरातील मोटार यांची कृतीही नेमकी लहरीच्या उंचीवरच होते, आणि म्हणून गाणे व खरखर ही एकाच वाटेने घरात शिरत. आर्मस्ट्राँगने उंची स्थिर ठेवली आणि लहरीची वारंवारता बदलण्याचे ठरवले. नदीच्या पैलतीरावरून सनई वाजत असेल तर वाऱ्याच्या झोताने तिचा आवाज लहानमोठा होईल, परंतु तिचा षड्ज काही वाऱ्याने उतरत नाही. श्रोत्याने आवाजाच्या लहानमोठेपणाकडे दुर्लक्ष करून केवळ स्वराच्या हालचालीकडे कान दिला तर वारा निष्प्रभ होतो. एफ. एम. चे सर्व रहस्य या एका गोष्टीत साठवलेले आहे. तथापि १९२२ साली जॉन कार्सन या गणितज्ञाने ही पद्धत निरुपयोगी असल्याचे कागदावर दाखवून दिले होते, आणि अरुंद पट्ट्यापुरते त्याचे गणित चुकलेले नव्हते. आर्मस्ट्राँगची प्रतिभा ही की त्याने पट्टा अरुंद करण्याचा सर्वमान्य हट्टच सोडला आणि उलट लहरीला ऐसपैस डोलू दिले. १९३३ च्या डिसेंबरात त्याला त्याचे पेटंट मिळाले.

१९३४ साली न्यूयॉर्कच्या एंपायर स्टेट इमारतीवर रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका, म्हणजे आर. सी. ए., या बलाढ्य संस्थेच्या जागेतून त्याचे प्रयोग झाले. पुढच्या वर्षी त्या संस्थेने दूरचित्रवाणीसाठी जागा हवी म्हणून त्याला आपली यंत्रसामग्री उचलण्यास सांगितले. तो डगमगला नाही. ५ नोव्हेंबर १९३५ रोजी न्यूयॉर्कमध्ये रेडिओ अभियंत्यांच्या सभेत त्याने निबंध वाचला, आणि तो संपताच यांकर्स गावातील एका मित्राच्या घरून पाठवलेले क्षेपण सभागृहात ऐकविले. संगीत तर होतेच. पण तेथे जमलेल्या जाणकारांच्या स्मरणात राहिला तो पेल्यात पाणी ओतल्याचा आवाज, आणि कागद चुरगाळून फाडल्याचा आवाज. आयुष्यभर रेडिओ ऐकणाऱ्या त्या मंडळींनी रेडिओवर पाणी हे पाण्यासारखे वाजताना तोवर कधी ऐकले नव्हते. मला या प्रसंगातील सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती त्या दोन आवाजांच्या मधली. तेथे काहीच नव्हते. आणि ते 'काहीच नसणे' मैलोगणती आकाशातून अभंग आणून दाखविणे, यासाठीच त्या पुरुषाने जन्म वेचला.

यानंतर त्याने हडसन नदीच्या काठी, न्यू जर्सीतील आल्पाइन येथे, पदरमोड करून चारशे फुटांहून उंच असा मनोरा उभारला आणि १९३९ साली तेथून ४२.८ मेगाहर्ट्झवर नियमित क्षेपण सुरू केले. सरकारी आयोगाने ४२ ते ५० मेगाहर्ट्झचा पट्टा या नव्या सेवेस दिला आणि १ जानेवारी १९४१ पासून व्यापारी परवाने लागू झाले. कारखान्यांनी संच बनवले, लोकांनी ते विकत घेतले, आणि युद्धामुळे उत्पादन थांबेपर्यंत काही लाख घरांत त्या पट्टीचे रेडिओ जाऊन बसले. मग १९४५ साली हुकूम निघाला. सूर्यावरील डागांमुळे या लहरींत दूरदूरची केंद्रे एकमेकांवर आदळतील असे कारण दाखवून आयोगाने एफ. एम. ला तेथून उठविले आणि ८८ ते १०६, लवकरच १०८, मेगाहर्ट्झच्या नव्या मुलुखात वसविले. आर्मस्ट्राँगने आणि अन्य तज्ज्ञांनी त्या कारणाचा प्रतिवाद केला. तो व्यर्थ गेला. मुदतीपुरती दोन्ही पट्ट्यांवर केंद्रे चालली आणि १९४९ च्या आरंभी जुना पट्टा कायमचा निःशब्द झाला. एका लेखणीच्या फटकाऱ्याने काही लाख यंत्रे, एकही स्क्रू ढिला न होता, बेदखल झाली.

माझा सर्व जोर या घटनेवर आहे, कारण ट्यूनर या वस्तूचे स्वरूप तिच्यावाचून समजत नाही. घड्याळ एकटे चालते, शिवणयंत्र एकटे शिवते. परंतु ट्यूनर ही अर्धी वस्तू आहे. तिचे दुसरे अर्धे अंग कुठेतरी टेकडीवर, मनोऱ्याच्या पायथ्याशी, दुसऱ्याच्या ताब्यात असते, आणि त्या दोहोंमधील करारनामा म्हणजे ती काचेची पट्टी. गिऱ्हाईक पैसे मोजते ते आपल्या अर्ध्या भागाचे. दुसऱ्या अर्ध्या भागावर त्याचा कसलाही हक्क पोचत नाही.

आर्मस्ट्राँगला स्वतःच्या अर्ध्या भागावरही हक्क टिकविता आला नाही. अनेक कारखानदारांनी त्याची रीत वापरली पण मोबदला दिला नाही; १९४८ साली त्याने आर. सी. ए. वर दावा लावला, आणि प्रतिपक्षाच्या वकिलांनी त्याची जबानीच वर्षभर लांबविली. १९५० अखेर मूळ पेटंटची मुदत सरली. पैसा संपत आला, प्रकृती खालावली, ज्या पत्नीला लग्नाच्या वेळी त्याने स्वहस्ते बनविलेला पहिला सुवाह्य सुपरहेटरोडाइन रेडिओ भेट दिला होता ती मॅरियनही त्या खटल्यांच्या ताणाने घर सोडून बहिणीकडे गेली. ३१ जानेवारी १९५४ च्या रात्री त्याने तिला पत्र लिहिले, अंगावर कोट, डोक्यावर टोपी, हातमोजे असा बाहेर जाण्याचा नीटस पोशाख केला, आणि तेराव्या मजल्यावरील खिडकीतून देह टाकला. पुढे मॅरियनने एकेक तंटा चिकाटीने चालविला. आर. सी. ए. ने त्याच वर्षाच्या डिसेंबरात दहा लाख डॉलरच्या वर रक्कम देऊन तडजोड केली. अखेरचा दावा, मोटोरोलाविरुद्धचा, १९६७ साली तिच्या बाजूने संपला. ज्या दशकांत घरोघरी एफ. एम. चा आनंद लुटला जात होता त्याच दशकांत ती विधवा त्याच्या मालकीचा पुरावा न्यायालयात मांडीत होती, हे जुना ट्यूनर हाती घेणाऱ्याने विसरू नये असे मला मनापासून वाटते.

पण आनंदाचे दिवस आले, आणि ते खरोखर वैभवाचे होते. ६ ऑक्टोबर १९५१ रोजी बॉस्टनचे डब्ल्यू. जी. बी. एच. हे केंद्र सुरू झाले ते बॉस्टन सिंफनी वाद्यवृंदाच्या प्रत्यक्ष मैफलीने. सभागृहात वाजणारे व्हायोलिन त्याच क्षणी शहरातील दिवाणखान्यांत वाजू लागले, मध्ये ना ध्वनिमुद्रिकेची सुई, ना तिचा ओरखडा. १९६१ साली द्विध्वनीची, म्हणजे स्टिरिओची, योजना मंजूर झाली आणि १ जूनला स्केनेक्टडी व शिकागो येथील केंद्रांनी तिचा प्रारंभ केला. त्या योजनेचे शहाणपण मला फार भावते. डाव्या-उजव्या ध्वनींची बेरीज पूर्वीच्याच जागी ठेवली, वजाबाकी कानाला ऐकू न येणाऱ्या उंचीवर नेऊन बसविली, आणि १९ किलोहर्ट्झचा एक बारीक सूर वाटाड्या म्हणून बरोबर दिला. ज्यांचे यंत्र जुने त्यांना बेरीज पूर्ववत ऐकू येत राहिली. या वेळी कोणी बेदखल झाले नाही.

हेच ते दशक, जेव्हा ट्यूनर बांधणे ही कला झाली. मारांट्झ कंपनीचा १०बी हा व्हॉल्व्हवर चालणारा ट्यूनर, ज्याची आखणी रिचर्ड सिकेराने केली, १९६४ च्या सुमारास बाजारात आला. त्याच्या दर्शनी भागावर हिरवट प्रकाशाची ऑसिलोस्कोपची नळी होती आणि टेकडीवरून वा उंच इमारतीवरून परतून येणारी तीच लहर मूळ लहरीत मिसळली की तिच्यावरील रेषा थरथरून ते दाखवून देई. त्याची किंमत त्या वेळी सहाशे डॉलरच्या घरात होती, आणि ते बनविण्याच्या खर्चाने सॉल मारांट्झचे हात इतके पोळले की कंपनीच त्याला विकावी लागली. १९७२ साली मॅकिंटॉशने रिचर्ड मोडाफेरीच्या आखणीचा एम. आर. ७८ आणला, शेजारी दांडग्या केंद्राचा गोंगाट चालू असताना त्याला खेटून बसलेले दुबळे केंद्र वेगळे काढण्यात त्याची ख्याती आजही आहे. त्यानंतर जपानी कारखाने, सान्सुई, केनवुड, पायोनियर, यामाहा, या क्षेत्रात उतरले आणि सत्तरीच्या अखेरीस त्यांनी जी यंत्रे घडविली ती वजनाने, मोजमापाने आणि हातातील चकतीच्या डौलाने कोणासही हार जाणारी नव्हती. देशात विकायची ती ७६ ते ९० ची, परदेशी धाडायची ती ८८ ते १०८ ची. जुन्या बाजारातला माझा ट्यूनर पहिल्या जातीचा होता.

आपल्याकडे काय चालले होते? मराठी मनुष्याच्या दृष्टीने १९५५ साल मोठे विलक्षण आहे. १ एप्रिलला आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांच्या गीतरामायणाचे क्षेपण सुरू झाले. २ मे रोजी इंग्लंडात केंट परगण्यातील रॉथम येथून बी. बी. सी. ची एफ. एम. सेवा सुरू झाली. दर आठवड्यास एक याप्रमाणे ती छप्पन्न गीते महाराष्ट्राने ऐकली ती मध्यमलहरींवर, पावसाळ्यात विजांच्या कडकडाटासह, उन्हाळ्यात पंख्याच्या घरघरीसह. रेडिओला हारफुले वाहणाऱ्या त्या श्रोत्यांची भक्ती खरखरीने कमी झाली नाही हे खरे. पण फडक्यांच्या त्या स्वच्छ शब्दोच्चारामागे पाण्याच्या पेल्याइतकी निःशब्दता असती तर, हा विचार मला अनेकदा अस्वस्थ करतो.

भारतात एफ. एम. चे पहिले केंद्र २३ जुलै १९७७ रोजी मद्रासला निघाले. त्याआधी तीन वर्षे माझे मामा अमेरिकेतील शिक्षण व नोकरी आटोपून शिवाजी पार्कच्या घरी परतले होते, आणि त्यांच्या सामानात, जकात भरून आणलेला, एक अमेरिकन ट्यूनर होता. आम्ही मुले त्याच्याभोवती बसत असू. मामा दिवा लावीत, काच निळसर उजळे, काटा ८८ पासून १०८ पर्यंत संथपणे जाई, आणि संपूर्ण प्रवासात एकसारखी 'स्स्' अशी वाफेसारखी फूस ऐकू येई. "इथं बोलणारं कोणी नाही अजून," मामा म्हणत, आणि मग कळ दाबून खालच्या पट्टीवर मुंबई ब लावीत. अर्धी वस्तू म्हणजे काय हे मी तेथे शिकलो. सुमारे वीस वर्षांनी, १९९३ मध्ये एफ. एम. वरील वेळ खाजगी निर्मात्यांना विकली जाऊ लागली तेव्हा मामांनी त्याच काचेवर मुंबईतील केंद्र लावले आणि स्टिरिओचा तांबडा दिवा प्रथमच पेटलेला पाहिला. त्या रात्री त्यांनी पुण्यास मला मुद्दाम ट्रंककॉल करावा तसा तातडीचा फोन केला होता. ते यंत्र आता माझ्याकडे आहे, आणि भाच्याला त्याचा जोडीदार हवा आहे.

घेणाऱ्यासाठी दोनचार गोष्टी येथेच सांगून टाकतो. अमेरिकेतील यंत्र १२० व्होल्टचे असते; त्याला आपल्या २३० व्होल्टच्या प्लगात थेट लावणे म्हणजे त्याची हत्या करणे होय, मध्ये ट्रान्सफॉर्मर हवाच. अमेरिकेत क्षेपण करताना उंच स्वर जितके उचललेले असतात त्याहून आपल्याकडे कमी उचलतात, आणि अमेरिकन ट्यूनर आपल्या सवयीने ते पुन्हा पूर्ण दाबतो. त्यामुळे झांज आणि तंबोऱ्याची जवार मिणमिणीत वाटते. उपाय सोपा आहे : दोन बाजूंचे दोन कपॅसिटर दोनतृतीयांश किमतीचे बसवावेत. मामांना हे ठाऊक नव्हते. मी ते बसविले त्या दिवशी जवार जणू काचेबाहेर आली. १९५० च्या दशकातील ट्यूनर असेल तर तो एकध्वनी असण्याचा संभव फार, त्याला स्टिरिओसाठी वेगळा अडॅप्टर लागतो. आणि आतील गुंडाळ्यांतील मळकट रंगाच्या फेराइटच्या खिळ्या स्क्रूड्रायव्हरने फिरवून पाहण्याचा मोह आवरावा. त्या ठिसूळ असतात, शिवाय त्यांची जागा कारखान्यात उपकरणे लावून ठरविलेली असते. माझा एक ट्यूनर दुरुस्तीस दिला असता कारागिराने नेमके हेच केले आणि तो कायमचा बहिरा झाला.

करण्याजोगे काम वेगळेच आहे, आणि ते घरी करता येते. झाकण काढले की मध्यभागी अॅल्युमिनियमच्या अर्धचंद्राकार पातळ पात्यांचा जुडगा दिसतो. चकती फिरवली की एक संच दुसऱ्याच्या फटींत स्पर्श न करता शिरतो, पुस्तकाची पाने दुसऱ्या पुस्तकाच्या पानांत शिरावीत तसा. केंद्र निवडणे म्हणजे ही पाती किती आत गेली हे ठरविणे. फिरत्या दांड्याला बारीक स्प्रिंगा टेकलेल्या असतात आणि पन्नास वर्षांत त्यांच्याखाली तेल वाळून काळा थर धरतो. त्यानेच केंद्र सरकते, चकती फिरवताना चरचरते. कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन मी प्रत्येक स्प्रिंगेखालचा थर पुसला, दोरीच्या चाकाला तेलाचा एक थेंब दिला, आणि मामांचा काटा पुन्हा लोण्यातून गेल्यासारखा सरकू लागला.

आज त्याच्यावर लावण्याजोगे थोडेच उरले आहे, हे मी लपवीत नाही. बहुतेक केंद्रे आपला आवाज इतका दाबून, फुगवून, एकाच उंचीवर आणून सोडतात की हळू आणि मोठे यांतील भेदच संपतो. नॉर्वेने तर २०१७ साली राष्ट्रीय केंद्रांची एफ. एम. सेवा बंदच केली. दुसरे अर्धे अंग हळूहळू माघारी जात आहे. तरी रात्री उशिरा आकाशवाणीवर एखादे शास्त्रीय गायन लागते, तंबोरे जुळतात, आणि आलापापूर्वी गवई श्वास घेतो तो ऐकू येतो.

आल्पाइनचा मनोरा अद्याप उभा आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या संहारात न्यूयॉर्कच्या दूरचित्रवाणी केंद्रांचे अँटेना नष्ट झाले तेव्हा त्यांतील काहींना तात्पुरता आसरा दिला तो त्यानेच. आणि २००५ च्या जून महिन्यात, एफ. एम. च्या सत्तरीनिमित्त, त्याच मनोऱ्यावरून ४२.८ मेगाहर्ट्झवर पुन्हा प्रायोगिक क्षेपण करण्यात आले. ज्यांनी ४२ ते ५० च्या पट्टीचे युद्धपूर्व संच इतकी वर्षे सांभाळले होते, त्यांना ते काढून, पुसून, व्हॉल्व्ह तापेपर्यंत थांबून, काटा त्या जुन्या आकड्यावर आणता आला. आणि तेथे कोणीतरी बोलत होते.